दहावा

सिप्पोराबाई हस्केल झिराडकर,
राहणार अजनी, रेल्वे क्वार्टर.
वय सत्त्याण्णव. की अठ्ठ्याण्णव.
जन्माचा दाखला रेवदंड्याच्या पुरात गेला म्हणायचीस,
कधी म्हणायचीस, वाळवीनं खाल्ला.
ठाम एवढंच, की त्या साली आंब्याला मोहोर नव्हता.

लग्न होऊन आलीस
तेव्हा स्टेशनात उतरल्या उतरल्या
आजोबांना विचारलंस, "समुद्र कुठल्या बाजूला?"
लोको शेडमधला तो फायरमन, तेविशीचा,
नखांत कोळसा, म्हणाला,
"पाचशे मैल. कुठल्याही बाजूला."
ही गोष्ट तू शंभरदा सांगितलीस
आणि शंभरदा त्याला माफ केलं नाहीस.

इतवारीतला नारळ कानाशी धरून,
हलवून, पाणी ऐकून घ्यायचीस.
मटणात दही का नाही, नारळाचाच रस का,
हे मेश्रामबाईंना सांगून सांगून थकलीस.
पुढं त्यांनीच ते आपल्या सुनेला समजावलं, तुझ्याहून नीट.
मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, खोबरं,
पाच फळं, त्यांत एक संत्रं असायचंच.
एलियाहू हन्नाबी एवढ्या लांब यायचा,
त्याला इथलं काही नको का?

चार क्वार्टर बदलली.
आजोबा ड्रायव्हर झाले, एक खोली वाढली,
मग एक व्हरांडा.
चौकटीवरचा मेझुझा दर वेळी तू स्वतः काढायचीस,
पदराच्या गाठीत न्यायचीस, सामानाच्या गाडीत नाही.
मागं दोन भोकं उरायची.
काल चारही दारं बघून आले.
तीन ठिकाणी रंगाखाली बुजलीत.
चौथ्यात कुणीतरी कॅलेंडरचा खिळा ठोकलाय.

पोरं गेली. दिमोना, लोद, अश्दोद.
तूही गेलीस, आठ महिने.
परतलीस ती ऐन मे महिन्यात,
सत्तेचाळीस डिग्रीत, कूलरच्या ओल्या वाळ्यासमोर
पाय पसरून म्हणालीस,
"तिथं शनिवारी कुणीच चूल पेटवत नाही गं.
मग आज माझा शब्बाथ आहे, हे सांगायचं कुणाला?"

शुक्रवारी मावळतीला
काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर तेल, तेलात वात.
डोळे झाकून जे हिब्रू म्हणायचीस
त्याचा अर्थ तुला येत नव्हता. मलाही येत नाही.
त्यापुढचं मराठी मात्र कळायचं:
"देवा, लेकरं सांभाळ. आणि यांना सिग्नल दिसू दे."
आजोबा रिटायर झाले, तरी सिग्नल दिसू दे.
आजोबा गेले,
तरी बावीस वर्षं, दर शुक्रवारी, सिग्नल दिसू दे.

पांढरीपांडे काकूंनी हळूच विचारलं, "दहावा कधी?"
मी म्हटलं, "आमच्यात दहावा नसतो, काकू. दहा लागतात."
कद्दिश म्हणायला दहा पुरुष.
बाबा, एलियाझर काका, त्यांचे दोघे,
भुसावळचा बिन्यामिन रात्रीच्या गाडीनं आला.
एक भोपाळचे, नातं कुणालाच नीट लागेना.
सहा.
सातवा इटारसीला अडकला.

मातीच्या ढिगाशी मेश्रामांचे तिघे,
डोक्याला रुमाल बांधलेले, उन्हात.
थोरला म्हणाला, "आमी उभे राहालो तं चालन का जी?
शनिवारची चूल मीच पेटवून देत होतो आजीची."
बाबा म्हणाले, "नियमात बसत नाही."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग थोडे सरकले, जागा केली.

सहा आणि तीन.
मी मागं होते, बायकांत, तुझी काठी हातात धरून.
स्वतःला मोजावं का, या विचारात होते,
तेवढ्यात बाबांनी सुरुवात केली.